तापीची रेल, कृष्णेची मळी

निपाणीहून रात्रीच्या बसने निघाले आणि दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुमारास कडोदऱ्याच्या चौकात उतरले. तिथे चौकाला 'चोकडी' म्हणतात. मुंबईची गर्दी सोडली तर रस्ता एकच. पूर्वी आपल्याकडून जाणारा चार नंबरचा हायवे आणि मुंबईहून सुरतेकडे जाणारा आठ नंबरचा. आता दोन्ही अठ्ठेचाळीस नंबरात आले आहेत. बेळगाव, निपाणी, कोल्हापूर, पुणे, मुंबई, सुरत आणि पुढे दिल्ली. आपल्या दारावरून जाणारा रस्ता आक्काच्या दारापर्यंत जातो, हे मला इतक्या वर्षांनी प्रथमच लक्षात आले.

आक्का म्हणजे माझी थोरली चुलत बहीण. दाजी साखर कारखान्यात पॅनमन होते. चिकोडी-निपाणी भागातली साखरेच्या धंद्यातली जाणती माणसे कुठे कुठे जाऊन पोचली, त्यातले ते एक. सुरत जिल्ह्यातल्या चलथाणला त्यांची उभी हयात गेली. आता निवृत्त होऊन तिथेच घर बांधून राहिले आहेत.

चलथाण हे काही प्रवासवर्णनात येणारे गाव नव्हे. उधना-जळगाव रेल्वेमार्गावरचे एक लहान स्टेशन, सहकारी साखर कारखाना, आजूबाजूला कापडाच्या गिरण्या आणि त्यांची धुराडी. थोडे पुढे गेले की बारडोली, १९२८ च्या सत्याग्रहाची. मी गेले ती दिवाळीची सुट्टी होती, गळिताचा हंगाम नुकताच सुरू झालेला. उसाच्या गाड्यांची रांग, हवेत मळीचा तो ओळखीचा वास. डांग, नंदुरबार, धुळ्याकडून आलेल्या ऊसतोड कुटुंबांचे तळ पडले होते. तिथे त्याला 'पडाव' म्हणतात. एका पडावातल्या बाईला मी सहज नाव-गाव विचारले, तिने अहिराणीत उत्तर दिले. मी मराठीत बोलत राहिले, ती अहिराणीत. घरात कन्नड आणि दारात मराठी, किंवा याच्या उलट, अशी सवय असलेल्या आपल्यासारख्यांना यात अवघड काहीच नाही. सुरतेची महापालिका तर गुजरातीबरोबर मराठी, हिंदी, उर्दू, उडिया आणि तेलुगू माध्यमांच्याही शाळा चालवते. हे ऐकून मला आपल्या सीमाभागाची आठवण झाल्याशिवाय राहिली नाही.

पण मी काही हे सगळे पाहायला गेले नव्हते. माझ्या पिशवीत एक कागद होता.

आमचे गाव कृष्णाकाठचे. नदीला लागून आमची पावणेदोन एकर मळी आहे. कारखान्यात निघते ती मळी वेगळी, ही गाळाची मळी. दर पावसाळ्यात नदी तिच्यावर येते, गाळ टाकते आणि जाते. पाणी ओसरले की तिथे शाळू असा येतो की खताची चिमूट लागत नाही. जमीन अजून सगळ्यांच्या नावावर एकत्र आहे. माझ्या थोरल्या भावाने ठरवले होते की तिच्यावर दहा फूट भराव टाकायचा, बिगरशेती करून घ्यायची आणि प्लॉट पाडून विकायचे. गिऱ्हाईक तयार होते. उताऱ्यावर आक्काचेही नाव आहे, म्हणून तिची सही हवी. मीही होकार दिला होता, हे प्रामाणिकपणे सांगते. मुलीच्या इंजिनिअरिंगची फी आणि घराचे कर्ज, दोन्ही एकदम डोक्यावर होती.

रात्री जेवताना विषय आपोआप पुराकडे गेला. नदीकाठची माणसे एकत्र बसली की दुसरे काय बोलणार! दाजी म्हणाले, "इकडं पूर म्हणत न्हाईत. रेल म्हणतात. रेल आली, रेल गेली." मला आमच्या आजीची आठवण झाली. पाणी वेशीपर्यंत आले की ती कानडीत एवढेच म्हणायची, "होळी बंदैती." होळी म्हणजे नदी, सणाची होळी नव्हे. नदी आली आहे. घरी पाहुणा यावा तसे. तिच्या बोलण्यात भीती असे, पण तक्रार नसे.

"पण २००६ ची रेल तशी न्हवती," आक्का म्हणाली आणि ताटावरून उठून आत गेली. पुढचे दाजींनी सांगितले.

त्यांचा मुलगा, माझा भाचा, तेव्हा सतरा वर्षांचा. शनिवारी तो काकांकडे अडाजणला गेला होता. अडाजण म्हणजे सुरतेत तापीच्या पलीकडच्या काठावरची नवी वस्ती. काकांचा फ्लॅट तळमजल्यावर. रविवारी, ६ ऑगस्टला, त्याचा फोन आला की नदी भरून चालली आहे, लोक पुलावर बघायला जाताहेत. सोमवारी सकाळी फोन लागेना. मोबाइल बंद, वीज बंद. "आमच्याकडं चलथाणला काय फार पाऊस न्हवता," दाजी म्हणाले. "आभाळ बघून कुणाला खरं वाटलं नसतं."

ते चार दिवस दाजींनी कसे काढले ते त्यांनाच ठाऊक. कारखान्याचा हंगाम नव्हता, दुरुस्तीची कामे चालू होती. रोज सकाळी कामावर हजेरी लावायची आणि मिळेल त्या वाहनाने शहराच्या कडेपर्यंत जायचे. पुढे पाणी. आजूबाजूच्या गावांतून ट्रॅक्टर, टेम्पो भरून पाणी आणि खाणे जात होते. गल्लीतल्या बायकांनी चुली पेटवल्या, आक्का सगळ्यांबरोबर ठेपले लाटत बसली. "हात चालू हुते म्हणून डोकं ठिकाणावर राहिलं," असे ती नंतर म्हणाली.

चौथ्या दिवशी मुलगा चालत आला. गुडघ्यापर्यंत चिखल, पायात चप्पल नाही. गच्चीवर चाळीस-पन्नास माणसे होती, असे त्याने सांगितले. पावसाचे पाणी भांड्यात धरून प्याले. बुधवारी, ९ ऑगस्टला, नारळी पौर्णिमा होती. वरच्या मजल्यावरच्या एका मुलीने साडीच्या काठाचे दोरे काढून गच्चीवरच्या सगळ्या पोरांना राखी बांधली. हे तो हसत हसत सांगतो. एक गोष्ट मात्र तो सांगत नाही, दाजींनी सांगितली. शेजारच्या इमारतीत तळमजल्यावर एक वृद्ध गृहस्थ एकटे राहत होते. प्रत्येकाला वाटले, दुसऱ्या कुणीतरी त्यांना वर नेले असेल.

दुसऱ्या दिवशी भाचा मला सुरत दाखवायला घेऊन गेला. आता तो चाळिशीला टेकलाय, कापडाच्या धंद्यात आहे. इतिहास शिकवणारी मी, मला वाटले होते सुरत म्हणजे शिवाजी महाराजांच्या १६६४ आणि १६७० च्या स्वाऱ्या, इंग्रजांची वखार आणि नदीकाठचा तो सोळाव्या शतकातला किल्ला. तो पाहिलाही. पण भाच्याची सुरत वेगळी होती. गाडी चालवताना तो भिंतींकडे बोट दाखवत होता. "इथपर्यंत. इथं एवढं. ह्या दुकानात छतापर्यंत." काकांच्या इमारतीत जिन्याजवळ अजून एक रेघ आहे. माझ्या डोक्याच्याही वर. फ्रीज तरंगत जाऊन छताला कसा टेकला होता, ते काकांनी सांगितले. त्यांची सगळी प्रमाणपत्रे त्या पाण्यात गेली.

नंतर आम्ही रांदेरजवळच्या सिंगणपोरच्या बंधाऱ्यावर गेलो. १९९५ साली बांधलेला हा बंधारा, वरून रस्ता. शहराला पिण्याचे पाणी मिळावे म्हणून तापी इथे अडवली आहे. वरच्या अंगाला संथ पाणी आणि जलपर्णी, खालच्या अंगाला ओहोटीच्या वेळी उघडी पडलेली गाळाची बेटे. दोन्ही काठांवर उंच उंच इमारती. नदी मधे अंग चोरून वाहते आहे असे वाटत होते.

मी आकड्यांची माणूस नव्हे, पण त्या बंधाऱ्यावर उभे राहून जे समजले ते आकड्यांशिवाय सांगता येणार नाही.

सुरतेपासून सुमारे शंभर किलोमीटरवर तापीवर उकाई धरण आहे. ते १९७२ साली पुरे झाले. सुरतेला पुरापासून वाचवणे हाही त्याचा एक उद्देश. धरण होण्याआधी, १९६८ साली, तापीला प्रचंड पूर आला होता. तेव्हा नदीतून सेकंदाला सुमारे साडेपंधरा लाख घनफूट, म्हणजे साडेपंधरा लाख क्युसेक, पाणी वाहिले. सुरतेत पाण्याची पातळी होप पुलापाशी मोजतात. तिथे धोक्याची पातळी साडेनऊ मीटर. त्या वर्षी पाणी बारा मीटरच्या थोडे वर चढले होते.

२००६ साली उकाईतून सर्वाधिक सोडलेले पाणी नऊ लाख क्युसेकच्या आसपास होते. सेकंदाला अडीच कोटी लिटर. आकडा मोठा आहेच, पण १९६८ च्या मानाने बराच कमी. तरीही होप पुलापाशी पाणी १९६८ च्या खुणेच्या वर गेले! शहराचा तीन-चतुर्थांशाहून अधिक भाग पाण्याखाली गेला. सरकारी हिशेबाने दीडशेच्या आसपास माणसे दगावली, आणि यंत्रमाग, हिरे, कापड या धंद्यांचे नुकसान हजारो कोटींत गेले.

पाणी कमी आणि पूर मोठा, हे कसे? धरण वेळेवर रिकामे केले नाही, ऑगस्टच्या सुरुवातीलाच ते नको तितके भरू दिले, ही टीका तेव्हापासून होत आली आहे, आणि ती खोटी नाही. धरण चालवणाऱ्यासमोर रोजचा पेच असतो. रिकामे ठेवावे आणि पाऊस पळाला तर शेतकरी विचारणार. भरावे आणि पाऊस आला तर शहर विचारणार. त्यात पौर्णिमेची भरती. सुरतेपासून समुद्र जवळ, भरतीच्या वेळी खाडीचे पाणी नदीला पुढे जाऊ देत नाही. पण हे सगळे धरूनही एक गोष्ट उरतेच. १९६८ ते २००६ या काळात नदीची जागा कमी झाली. धरण झाले म्हणून लोक निर्धास्त झाले, काठावर वस्ती वाढली. पूरसंरक्षक बांध घातले गेले, त्यांच्या आत-बाहेर घरे झाली. बंधाऱ्याखाली गाळ साचला. पूर्वी जी नदी आठ-साडेआठ लाख क्युसेक पोटात घेईल असे धरले होते, ती आता त्याच्या निम्म्याच्या आसपास पाण्यातच काठ सोडते, असे अभ्यासक सांगतात. पाण्याने आपली जुनी वाट शोधली आणि तिथे माझ्या भाच्याच्या काकांचा फ्लॅट होता, एवढेच.

सुरतेने हे पहिल्यांदा भोगले असेही नाही. १८३७ च्या एप्रिलमध्ये भीषण आगीत शहरातली हजारो घरे जळाली आणि त्याच वर्षी तापीने जवळजवळ सगळे शहर बुडवले. आधीच उतरणीला लागलेले ते बंदर त्यानंतर आणखी खचले. १९९४ साली पूर ओसरल्यावर प्लेगची भीती पसरली आणि लाखो लोक मिळेल त्या गाडीने शहर सोडून पळाले. त्यानंतर १९९५ पासून आयुक्त एस. आर. राव यांनी सुरतेची जी साफसफाई केली ती देशात गाजली. ती सवय २००६ साली कामाला आली. पाणी ओसरल्याबरोबर गाळ आणि कचरा काढायला हजारो हात लागले आणि प्लेगच्या वेळचे चित्र पुन्हा दिसले नाही. आता धरण कोणत्या तारखेला किती भरायचे याकडे काटेकोरपणे पाहतात, ३४५ फुटांची पूर्ण पातळी पावसाळा सरता सरता गाठतात, पूर्वसूचनेची यंत्रणाही आहे. शहराने धडा घेतला. पण काठावरच्या इमारती काही मागे सरकल्या नाहीत.

परत येताना भाचा म्हणाला, "मावशी, तेव्हा इथं सगळे म्हणायचे, महाराष्ट्रातून पाणी आलं." मला हसू आले, कारण ते खरेच आहे. तापी मध्य प्रदेशात मुलताईला उगम पावते, पण तिच्या पाणलोटाचा जवळजवळ चार-पंचमांश भाग महाराष्ट्रात. खानदेशात पडलेला पाऊस सुरतेत जातो, आणि खानदेशातली माणसेही पोटासाठी सुरतेतच जातात.

आपल्याकडे याचीच दुसरी बाजू आहे. २००५ साली, २०१९ साली, २०२१ साली सांगली-कोल्हापूर बुडाले की आपण आलमट्टीकडे बोट दाखवतो. आपल्या चिकोडीकडे पाणी चढले की कोयनेकडे. आपल्यासारखी घरे तर दोन्हीकडची. माझे सासर महाराष्ट्रात, माहेर कर्नाटकात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सासरी फोन केला तर "तुमच्या आलमट्टीमुळं" आणि माहेरी केला तर "तुमच्या कोयनेमुळं". मधे मी. त्याच वेळी आलमट्टीतून साडेपाच लाख क्युसेकच्या आसपास पाणी पुढे सोडले जात होते. हायवे यमगर्णीला आणि शिरोलीला बंद. महाराष्ट्र सरकारच्या वडनेरे समितीने २०२० साली अहवाल दिला, त्यात अतिवृष्टी आणि पूररेषेतली अतिक्रमणे यांवर बोट ठेवले, आलमट्टीला थेट जबाबदार धरले नाही. तो सगळ्यांना पटला असे नाही. धरणांच्या दारांबद्दल भांडायला हवे तिथे भांडावेच. पण पंचगंगेच्या काठी, कृष्णेच्या काठी निळ्या रेषेच्या आत भराव कुणी टाकले? ते ना कोयनेने टाकले, ना आलमट्टीने.

आणि आता एक भराव टाकायचा कागद माझ्याच पिशवीत होता.

रात्री मी तो आक्कापुढे ठेवला. तिने चष्मा लावून सावकाश वाचला. तिला वाचायला वेळ लागतो, चौथीपर्यंत कानडी शाळा, मराठी ती घरीच शिकली. मी फीचे सांगितले, कर्जाचे सांगितले. दाजी गप्प होते. आक्काने विचारले, "एकोणीस साली मळीत पाणी किती दिवस हुतं गं?"

"नऊ दिवस."

"आन् खालच्या गल्लीत?"

मी उत्तर दिले नाही. आमच्या मळीच्या कडेला खालची गल्ली आहे. पंचवीस-तीस घरे, बहुतेक मजुरांची. २०१९ साली तिथे चौकटीच्या वरच्या लाकडापर्यंत पाणी होते. आधी मळी भरते, मग गल्ली. त्या मधल्या वेळात माणसे म्हाताऱ्यांना, शेरडांना घेऊन शाळेत येतात.

"दहा फूट भराव टाकल्यावर मळी भरायची न्हाई," आक्का म्हणाली. "मग ते पाणी जाणार कुठं?"

मी म्हटले, "आक्का, सगळेच टाकतात. आपण न टाकून काय फरक पडणार आहे?"

"ते मला न्हाई म्हाईत. चार दिवस माझं पोरगं कुठल्या गच्चीवर हाय ते मला म्हाईत न्हवतं. सही मी करत न्हाई. पैशाचं बघू. दाजींना विचारते, थोडं फार जमतंय का. आन् अण्णाला म्हणावं, एकदा इकडं ये. मी त्याला त्या बंधाऱ्यावर घेऊन जाते."

तिने कागदाची नीट घडी घालून माझ्या हातात दिली. वर ठेपल्यांचा डबा दिला, वाटेत खायला.

घरी आल्यावर अण्णा चिडला. त्याचेही चूक म्हणवत नाही. तिथे बसून आक्काला बोलायला काय जाते, असे तो म्हणाला. तीन आठवडे आमच्याशी बोलला नाही. गिऱ्हाईक अजून अधूनमधून फोन करते. मुलीच्या दुसऱ्या हप्त्यासाठी मी कॉलेजच्या सोसायटीतून कर्ज काढले, दाजींनीही काही रक्कम पाठवली. बोलणी संपलेली नाहीत. उन्हाळ्यात अण्णाला घेऊन चलथाणला जायचे असे ठरते आहे, पण तो येईलच असे सांगता येत नाही.

यंदा मळीत शाळू टाकला आहे. परवा गावी गेले तेव्हा चांगला हातभर आला होता. खालच्या गल्लीतली पोरे बांधावर पतंग उडवत होती.